इफ, स्विच, टर्नरी की टेबल? कंडिशन अशी लिहा की पुढच्याला वाचता येईल

कोड रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त वाद कशावरून होत असतील तर कंडिशनवरून. ऑफिस ऐरोलीला असो, महापेला असो नाहीतर ठाण्यात वागळे इस्टेटमधली आठ जणांची कंपनी असो, कुणीतरी कमेंट टाकतंच की एवढे इफ-एल्स कशाला, स्विच लाव ना, मग दुसरा म्हणतो स्विच जुनाट झालं, डिक्शनरी (नाव आणि त्यापुढे किंमत अशी यादी) कर, आणि तिसरा सगळं टर्नरीमध्ये, म्हणजे एका ओळीतल्या इफ-एल्समध्ये, कोंबून दाखवतो की बघा कसं छोटं झालं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण तिघंही उत्तर आधी ठरवून मग प्रश्नाकडे बघतायत.

माझं म्हणणं साधं आहे. स्टाइल आधी निवडायची नाही, आधी बघायचं की कंडिशन नेमकं काय विचारतेय. कधी ती विचारते की पुढे जायचं की इथेच थांबायचं. कधी दोन सारख्याच महत्त्वाच्या कामांपैकी कुठलं करायचं. कधी नुसती किंमत निवडायची असते, ही की ती. कधी पाच-सात प्रकारांपैकी हा कुठला ते ओळखायचं असतं. आणि बऱ्याचदा तिथे प्रश्नच नसतो, ती नुसती माहिती असते, रेट कार्डसारखी, आणि कुणीतरी ती इफमध्ये लिहून ठेवलेली असते. एवढं ओळखता आलं की स्टाइल जवळजवळ आपोआप ठरते, आणि वाचणाऱ्यालाही कोडचा आकार बघूनच कळतं की इथे नेहमीचा मार्ग कुठला आणि अपवाद कुठला.

उदाहरण सगळीकडे एकच घेते, हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचं. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत हे बिल कुणाला समजावून सांगायला लागत नाही आणि ह्यात अटी भरपूर आहेत. सर्व्हिस चार्जेस, सिंकिंग फंड, पार्किंग, पाणी. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, जो 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि घरचीच माणसं राहत असतील तर लागतच नाही. थकबाकीवर सरळ व्याज, समजा वर्षाला 21 टक्के.

कोड मी देवनागरीत लिहितेय, साधारण पायथनच्या वळणाचा. तुम्ही तुमच्या भाषेतले कीवर्ड मनात घालून वाचा.

पुढे जायचं की नाही: गार्ड क्लॉज

नवीन जॉइन झालेल्या मुलामुलींचा कोड बहुतेक वेळा असा असतो:

```
फंक्शन बिल_काढ(फ्लॅट, महिना):
    इफ फ्लॅट सापडला:
        इफ फ्लॅट.ताबा_दिलाय:
            इफ महिना_चालू_आहे(महिना):
                इफ नॉट बिल_आहे(फ्लॅट, महिना):
                    रक्कम = हिशोब(फ्लॅट, महिना)
                    सेव्ह(फ्लॅट, महिना, रक्कम)
                    रिटर्न रक्कम
                एल्स:
                    एरर("बिल आधीच काढलंय")
            एल्स:
                एरर("ह्या महिन्याचा हिशोब बंद झालाय")
        एल्स:
            एरर("फ्लॅटचा ताबा दिलेला नाही")
    एल्स:
        एरर("फ्लॅट सापडला नाही")
```

चालतो व्यवस्थित. पण खरं काम तीन ओळींचं आहे आणि ते चार पायऱ्या आत जाऊन बसलंय, शिवाय शेवटचा एल्स कुठल्या इफचा हे बघायला बोट लावून वर जावं लागतं. हेच असं लिहा:

```
फंक्शन बिल_काढ(फ्लॅट, महिना):
    इफ नॉट फ्लॅट:
        एरर("फ्लॅट सापडला नाही")
    इफ नॉट फ्लॅट.ताबा_दिलाय:
        एरर("फ्लॅटचा ताबा दिलेला नाही")
    इफ नॉट महिना_चालू_आहे(महिना):
        एरर("ह्या महिन्याचा हिशोब बंद झालाय")
    इफ बिल_आहे(फ्लॅट, महिना):
        एरर("बिल आधीच काढलंय")

    रक्कम = हिशोब(फ्लॅट, महिना)
    सेव्ह(फ्लॅट, महिना, रक्कम)
    रिटर्न रक्कम
```

वर ठेवलेल्या ह्या नकारांनाच गार्ड म्हणतात. प्रत्येक नकार आणि त्याचं कारण शेजारी-शेजारी आलं, आणि मोकळी ओळ आली की समजायचं की आता सगळं ठीक आहे, इथून पुढे खरं काम. (इथे एरर म्हणजे एक्सेप्शन फेकणं, जी तिथेच फंक्शनमधून बाहेर काढते. तुमच्याकडे एक्सेप्शन नसेल तर तिथे रिटर्न घाला, तो विसरलात तर गार्डला काहीच अर्थ राहत नाही.)

क्रमसुद्धा उगाच नाही. फ्लॅटच नसेल तर फ्लॅटचा ताबा विचारता येत नाही म्हणून तो चेक सगळ्यात वर, आणि बिल आहे का हे बघायला डेटाबेसकडे जावं लागतं म्हणून तो शेवटी, म्हणजे स्वस्तात नकार देता येत असेल तर उगाच क्वेरी मारायची नाही. स्विफ्टने तर 2015 ला दुसऱ्या व्हर्जनपासून ह्यासाठी गार्ड नावाचा वेगळा कीवर्डच दिला, आणि त्यात बाहेर पडायला विसरलात तर कंपायलरच अडवतो. लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये टॅब 8 अक्षरांचा ठेवलाय आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर प्रोग्रामच दुरुस्त करा.

आता कॉलेजमध्ये बऱ्याच जणांना शिकवलेलं असतं की फंक्शनमध्ये रिटर्न एकच हवा. हा नियम अगदीच निराधार नाही. सी मध्ये मेमरी हाताने घेतली, फाइल हाताने उघडली, आणि मधूनच रिटर्न मारला तर ते सोडायचं राहून जातं, म्हणून बाहेर पडायची जागा एकच ठेवायची. पण पायथनमध्ये विथ आहे, गो मध्ये डिफर आहे, जावामध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, सोडायचं काम ह्यांच्यावर सोपवता येतं, तिथे हा हट्ट धरून चार पायऱ्यांचं नेस्टिंग (इफच्या आत इफ) करण्यात काही अर्थ नाही. मात्र गार्ड वरच ठेवा. साठ ओळींच्या फंक्शनच्या मध्यात कुठेतरी दडलेला रिटर्न हा गार्ड नाही, तिथे फंक्शनचे दोन तुकडे करायची वेळ आलीय.

लूपमध्येही हेच, फक्त रिटर्नऐवजी कंटिन्यू. सगळ्या फ्लॅटांवरून फिरताना ज्यांना बिल लागू नाही त्यांना वरच्या ओळीतच सोडून पुढे जा.

दोन सारखे रस्ते: साधा इफ-एल्स

गार्ड आवडायला लागला की लोक सगळीकडेच गार्ड करतात, आणि तिथे मला थांबवावंसं वाटतं. हे बघा:

```
इफ फ्लॅट.भाड्याने_दिलाय:
    मालकाला_ईमेल(फ्लॅट, बिल)
एल्स:
    दारात_प्रिंट(फ्लॅट, बिल)
```

इथे कुणी अपवाद नाही. भाड्याने दिलेला फ्लॅट आणि स्वतः राहत असलेला फ्लॅट, दोन्ही रोजचेच. एल्स काढून वर रिटर्न टाकला तर वाचणाऱ्याला वाटतं की ईमेलवालं काहीतरी वेगळं प्रकरण आहे आणि खरं काम खालचं. ईएसलिंटमध्ये (जावास्क्रिप्टचा कोड तपासणारं टूल) नो-एल्स-रिटर्न नावाचा नियम आहे जो रिटर्ननंतरचा एल्स दिसला की तक्रार करतो, तो डोळे मिटून सगळ्या प्रोजेक्टला लावू नका. दोन्ही बाजू तोलामोलाच्या असतील तिथे एल्स हवाच, कारण एल्सच सांगतो की ह्या दोन जोडीच्या गोष्टी आहेत.

इफ-एल्समध्ये होकारार्थी प्रश्न आधी ठेवा. इफ नॉट भाड्याने_दिलाय, मग एल्स, म्हणजे एल्समध्ये पोचेपर्यंत डोक्यात दोन नकार जमा होतात. व्हेरिएबलचं नावच नकारार्थी असेल, उदाहरणार्थ बिल_नको, आणि मग इफ नॉट बिल_नको, तर ते नावच बदला, तिथे कंडिशनची दुसरी कुठलीही दुरुस्ती कामाची नाही.

लांबलचक नकार उलटताना डी मॉर्गनचा नियम लागतो, नॉट (अ अँड ब) म्हणजे नॉट अ ऑर नॉट ब. अँडचा ऑर करायचा राहून गेला असे बग मी रिव्ह्यूमध्ये सतत बघते. (ऑगस्टस डी मॉर्गनचा जन्म आपल्याकडचा, मदुराईचा, 1806 सालचा, हे फार जणांना माहीत नसतं.)

आणि कंडिशन एका ओळीत मावत नसेल तर तिला नाव द्या. ही ओळ बघा:

```
इफ फ्लॅट.भाड्याने_दिलाय अँड राहणारा.नातं नॉट इन घरची_नाती अँड करार अँड करार.शेवट >= आज:
```

ह्याच्याऐवजी:

```
घरचेच_राहतात = राहणारा.नातं इन घरची_नाती
करार_चालू = करार इज नॉट नन अँड करार.शेवट >= आज
नॉन_ऑक्युपन्सी_लागू = फ्लॅट.भाड्याने_दिलाय अँड करार_चालू अँड नॉट घरचेच_राहतात

इफ नॉन_ऑक्युपन्सी_लागू:
```

सोसायटीच्या खजिनदारांना दाखवलं तरी कळेल असं झालं, आणि मला तर हीच खरी परीक्षा वाटते, कारण नियम त्यांचा आहे, आपण फक्त टाइप करतोय. ह्यात एक खाचखळगा आहे तेवढा सांभाळा. मूळ ओळीत पहिली अट खोटी निघाली की पुढच्या अटी तपासल्याच जात नाहीत. वेगळ्या ओळीत काढल्यावर त्या प्रत्येक वेळी चालतात. म्हणजे रिकाम्या फ्लॅटसाठी राहणारा हा नन (काहीच नाही) असेल तर वरची पहिलीच ओळ फुटेल, जी आधी फुटत नव्हती. तर अट बाहेर काढताना विचारायचं, ही आधी कुणाच्या आडोशाने चालत होती? आडोसा असेल तर तो सोबत घेऊन या, जसा मी करारच्या ओळीत नन चेक आणलाय, तसाच राहणाराच्या ओळीतही लागेल.

नुसती किंमत निवडायची: टर्नरी

टर्नरीबद्दल लोक टोकाचं बोलतात. मला ती आवडते, पण एकाच कामासाठी, ही किंमत की ती.

```
टक्का = 10 इफ नॉन_ऑक्युपन्सी_लागू एल्स 0
```

हेच चार ओळींच्या इफ-एल्सने केलं तर टक्का दोनदा लिहावा लागतो आणि एका ठिकाणी टायपो झाला तर गेलं. पायथनमध्ये हे 2006 ला, 2.5 व्हर्जनमध्ये आलं आणि तिथे किंमत आधी, प्रश्न मध्ये. सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये प्रश्न आधी, मग प्रश्नचिन्ह. गो मध्ये टर्नरी ठेवलीच नाही. रस्ट आणि कॉटलिनमध्येही ती नाही, पण तिथे इफ स्वतःच किंमत परत देतो म्हणून अडत नाही.

टर्नरीच्या आत टर्नरी मात्र नको, आणि हे फक्त सौंदर्याचं म्हणून सांगत नाहीये. पीएचपीमध्ये एकात एक टर्नरी डावीकडून जोडली जायची आणि बाकीच्या बहुतेक भाषांत उजवीकडून, म्हणजे अक्षरशः तोच कोड दोन भाषांत वेगळं उत्तर द्यायचा. शेवटी पीएचपीने 7.4 मध्ये त्यावर वॉर्निंग लावली आणि 8.0 पासून कंस नसतील तर सरळ एरर. भाषा बनवणाऱ्यांनीच ठरवलं की हे माणसाला वाचता येत नाही.

मी बघितलेल्या एका बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉन-ऑक्युपन्सीचा हिशोब असाच तीन मजली टर्नरीत होता आणि मधल्या फांदीत सर्व्हिस चार्जेसच्या जागी पूर्ण बिलाची रक्कम घेतलेली. सर्व्हिस चार्जेस 3,000 आणि एकूण बिल 4,800 असेल तर 300 च्या जागी 480 लागतात. रिव्ह्यू झालेला होता. ओळ इतकी गच्च होती की कुणी ती शब्द-शब्द वाचलीच नव्हती.

टर्नरीचा एक चुलतभाऊ आहे, डिफॉल्ट किंमत देणं. जावास्क्रिप्टमध्ये लोक पार्किंग चार्ज असा काढतात, फ्लॅटचा चार्ज ऑर 500, म्हणजे भरलेला नसेल तर 500 घ्या. पण ज्यांना पार्किंगच नाही त्यांचा चार्ज शून्य भरलाय, आणि जावास्क्रिप्टच्या दृष्टीने शून्य म्हणजे खोटं, म्हणून गाडी नसलेल्या माणसाला 500 चं बिल जातं. पायथनच्या ऑरलाही हेच लागू. जावास्क्रिप्टमध्ये 2020 पासून त्यासाठी दोन प्रश्नचिन्हांचं ऑपरेटर आहे जे फक्त नल आणि अनडिफाइंडलाच रिकामं धरतं. पैशाच्या आकड्यावर उघडा ऑर दिसला की मी रिव्ह्यू पुढे नेतच नाही, आधी शून्य घालून चालवायला सांगते.

ओळीने अटी: क्रमच सगळं ठरवतो

एलिफची (एल्स-इफची) लांब साखळी वाईटच असते असं नाही. थकबाकीचे दिवस बघून काय करायचं ते ठरवायचं असेल तर ती अगदी योग्य आहे, कारण इथे किंमती नाहीत, रेंज आहेत:

```
इफ दिवस <= 0:
    रिटर्न "काही नाही"
एलिफ दिवस <= 30:
    रिटर्न "एसएमएस"
एलिफ दिवस <= 90:
    रिटर्न "पत्र"
एल्स:
    रिटर्न "कमिटीपुढे"
```

प्रत्येक अट वरच्या अटीतून उरलेल्यांनाच लागते, म्हणून मध्ये कुणी नवीन एलिफ घुसवला की खालच्या सगळ्यांचा अर्थ बदलतो. हेच कुणी उलट्या चिन्हाने लिहिलं आणि दिवस > 0 सगळ्यात वर ठेवलं तर वर्षभर न भरणाऱ्यालाही एसएमएसच जात राहील. एकाच दिशेने लिहा, लहानाकडून मोठ्याकडे, एकच चिन्ह, आणि शेवटचा एल्स विसरू नका.

पायथनमध्ये 30 < दिवस <= 90 असं शाळेतल्या गणितासारखं लिहिता येतं. सी मध्ये आणि जावास्क्रिप्टमध्येही हे लिहिता येतं पण अर्थ वेगळाच होतो, आधी 30 < दिवस चं उत्तर शून्य किंवा एक निघतं आणि मग ते 90 पेक्षा लहान आहे का बघितलं जातं, जे नेहमीच असतं. एरर येत नाही, फक्त अट कायम खरी ठरते. दोन भाषांत एकदम काम करणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवा.

अनेक प्रकारांपैकी एक: स्विच आणि मॅच

एकाच गोष्टीची अनेक ठरलेल्या किंमतींशी तुलना असेल तर स्विच. फायदा हा की वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच खात्री मिळते की खाली सगळीकडे हीच एक गोष्ट तपासली जातेय, एलिफच्या साखळीत तसं वचन नसतं, तिथे चौथ्या एलिफमध्ये कुणीतरी दुसरंच व्हेरिएबल तपासत असू शकतं.

सी आणि जुन्या जावाच्या स्विचमध्ये ब्रेक विसरला की कोड खालच्या केसमध्ये घरंगळतो. ब्रेक चुकीच्या जागी असला तरी तेवढंच नुकसान. 15 जानेवारी 1990 ला अमेरिकेत एटीअँडटीचं लांब पल्ल्याचं फोन नेटवर्क सुमारे 9 तास कोलमडलं होतं, त्याच्या मुळाशी सी मधला एक ब्रेक होता, स्विचच्या आतल्या इफमध्ये लिहिलेला. लिहिणाऱ्याला इफमधून बाहेर पडायचं होतं, ब्रेकने त्याला स्विचमधूनच बाहेर काढलं. म्हणून स्विचच्या केसमध्ये इफचं जंगल वाढवू नका, तिथून फंक्शन कॉल करा आणि केस दोन ओळींत संपवा. गो मध्ये घरंगळणं डिफॉल्टने बंदच आहे. जावामध्ये 14 व्हर्जनपासून, म्हणजे 2020 पासून, बाणाचं स्विच पक्कं झालं, त्यात ब्रेकची भानगड नाही आणि ते किंमतही परत देतं. नवीन जावावर असाल तर जुनं स्विच लिहायचं कारण उरलेलं नाही.

पायथनमध्ये मॅच-केस 3.10 मध्ये आलं, 2021 ला. छान आहे, पण ते स्विच समजून वापरू नका. केसपुढे नुसतं नाव लिहिलं, समजा केस भाडेकरू, आणि भाडेकरू हा तुम्ही वर ठरवलेला कॉन्स्टंट आहे, तर पायथन तुलना करत नाही, ती किंमत भाडेकरू ह्या नावात भरून टाकतं आणि केस नेहमी जुळते. ती शेवटची केस असेल तर एररही येत नाही. एनम (ठरलेल्या किंमतींना नावं देणारा प्रकार) वापरा आणि टिंब देऊन लिहा, राहणारा.भाडेकरू असं, म्हणजे तुलना होते.

डिफॉल्टबद्दल माझं ठाम मत आहे. प्रकार ठरलेले असतील तर डिफॉल्टमध्ये गपचूप काहीतरी करू नका, एरर फेका. उद्या कुणी नवीन प्रकार वाढवला, समजा तळमजल्यावर दुकानं आली, तर डिफॉल्टवाला कोड दुकानाला फ्लॅटच्याच भावाने बिल लावत बसेल आणि कुणालाच कळणार नाही. रस्टमध्ये मॅचमध्ये एक प्रकार जरी राहिला तरी कोड कंपाइलच होत नाही, आणि ही सोय ज्या भाषेत आहे तिथे डिफॉल्ट लिहून ती स्वतःच्या हाताने बंद करण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

प्रश्नच नसतो तेव्हा: टेबल

```
इफ प्रकार == "वन_आरके": रिटर्न 1800
एलिफ प्रकार == "वन_बीएचके": रिटर्न 2400
एलिफ प्रकार == "टू_बीएचके": रिटर्न 3000
```

हे स्विचमध्ये घाला, मॅचमध्ये घाला, काही फरक नाही, कारण ह्यात निर्णयच नाही, हे दरपत्रक आहे. ते डिक्शनरीत ठेवा आणि कोडमध्ये फक्त दर[प्रकार] म्हणा. त्याहून बरं म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवा, लागू झाल्याच्या तारखेसकट. सोसायटीची एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तिथे दर बदलले की खजिनदारांनी स्क्रीनवरून बदलावेत, तुम्ही त्यासाठी नवा कोड चढवायचं काम नाही. तारीख ह्यासाठी की ऑगस्टचं बिल डिसेंबरमध्ये पुन्हा काढलं तर जुन्याच दराने निघायला हवं.

डिक्शनरीतून काढताना सापडलं नाही तर शून्य घ्या असं लिहू नका, वर डिफॉल्टबद्दल सांगितलं तेच कारण. फुटू दे.

पण टेबलच्याही आहारी जाऊ नका. डिक्शनरीत किंमतीच्या जागी फंक्शनं, त्या फंक्शनात पुन्हा अटी, असं करून लोक साध्या तीन केसच्या स्विचची भूलभुलैया करतात, मग एखादा प्रकार कुठे हाताळला जातो ते शोधायला चार फाइल्स उघडाव्या लागतात. प्रत्येक प्रकाराला वेगळा क्लास काढायचा सल्लाही असाच, प्रकार खरोखर वेगळे वागत असतील आणि तोच स्विच पाच-सहा ठिकाणी परत परत येत असेल तरच.

अटी कमी करायचा खरा उपाय

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि ह्यावर कमीच बोललं जातं. कंडिशन किचकट झाली की बहुतेक वेळा दोष कंडिशनचा नसतो, माहिती ठेवायच्या पद्धतीचा असतो.

बिलाच्या कोडमध्ये सहसा तीन हो-नाही रकाने असतात, मालक_राहतो, भाड्याने_दिलाय, घरचे_राहतात. तीन हो-नाही म्हणजे 8 शक्यता. कागदावर 8 ओळी काढून बघा, प्रत्येक ओळीपुढे बिल काय लागेल ते लिहा. मालक राहतो हो, भाड्याने दिलाय हो? अख्खा फ्लॅट एकाच वेळी दोन्ही कसा असेल? तिन्ही नाही म्हणजे काय, बंद आहे का कुणी भरलंच नाही? निम्म्या ओळी अर्थशून्य निघतात, तरी कोडला त्या सगळ्या हाताळाव्या लागतात, आणि जिथे हाताळल्या जात नाहीत तिथे बग बसतो.

तीन रकाने काढून एकच ठेवा, राहणारा, आणि त्याच्या किंमती चारच, मालक, घरचे, भाडेकरू, बंद. आता नॉन-ऑक्युपन्सीची मगाचची एवढी मोठी अट काय होते?

```
नॉन_ऑक्युपन्सी_लागू = फ्लॅट.राहणारा == राहणारा.भाडेकरू
```

मघाशी मी जे नावं देऊन सोडवलं ते इथे मुळातच गेलं. (करार संपला की राहणारा बदलायचं काम करार संपवणाऱ्या कोडचं, बिल काढणाऱ्याचं नाही.) म्हणून गार्ड, स्विच, टर्नरी ह्यावर वाद घालण्याआधी तो 8 ओळींचा कागद काढा. चार हो-नाही असतील तर 16 ओळी होतात, तरीही काढा, त्याला दहा मिनिटं लागतात.

आकडा हवा असेल तर टॉम मॅकेबने 1976 मध्ये सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मांडली, फंक्शनमधून जायचे स्वतंत्र रस्ते मोजायचे, आणि 10 ही त्याने सुचवलेली वरची मर्यादा. टूल हा आकडा काढून देतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की चार पायऱ्यांचं नेस्टिंग आणि चार गार्ड, दोघांचा आकडा सारखाच येतो, वाचायला मात्र फरक केवढा हे वर बघितलंच. आकडा वाढला की बघायला जा, आकडा कमी आहे म्हणून कोड वाचनीय आहे असं धरू नका.

कंस

सी, जावा, जावास्क्रिप्टवाल्यांनी एका ओळीच्या इफलाही महिरपी कंस द्यावेत. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईने अपडेट काढावं लागलं कारण सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये गोटू फेल (म्हणजे थेट शेवटी उडी मार) ही ओळ चुकून दोनदा आली होती, एकाखाली एक. कंस नव्हते, म्हणून पहिली इफची आणि दुसरी कुणाचीच नाही, ती कायम चालायची, आणि पुढची सहीची तपासणी होतच नव्हती. इंडेंटेशनमुळे डोळ्याला दोन्ही आतच वाटत होत्या.

जुना कोड बदलताना

जुन्या कोडच्या कंडिशन सुधारायला घेतल्या तर आधी टेस्ट. प्रत्येक फांदीला एक, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे 30 दिवस आणि 31 दिवस, 90 आणि 91, शून्य चार्ज, रिकामा फ्लॅट. 4,000 च्या थकबाकीवर 21 टक्क्यांनी एका महिन्याचं सरळ व्याज 70 रुपये, असे हाताने काढलेले आकडे टेस्टमध्ये लिहा, जुन्या कोडने दिलेलं उत्तर बघून चिकटवू नका, नाहीतर जुना बगच बरोबर म्हणून टेस्टमध्ये पक्का होतो. मग एका वेळी एकच आकार बदला, आधी गार्ड वर काढा, चालवा, मग नावं द्या, चालवा, मग टेबल. आणि हे सगळं वेगळ्या कमिटमध्ये, त्यात नवीन दर किंवा नवीन नियम मिसळू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणाचं बिल 40 रुपयांनी वाढलं तर ते दरामुळे वाढलं की तुम्ही हलवलेल्या इफमुळे, हे शोधायला गिटच्या हिस्टरीत काहीच उरत नाही.